जनता घड्याळाची चावी हातात आली

प्रश्न : वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ माझ्याकडे आहे, तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं. ते एसटीत कंडक्टर होते, रोज पहाटे ड्युटीवर निघताना चावी द्यायचे. ते गेल्यावर मी देते. गेल्या महिन्यात चावी देताना बटणच हातात आलं, त्याला दांडीचा छोटा तुकडा चिकटलेला आहे. दुकानात म्हणाले, भाग मिळत नाहीत, आतलं मशीन काढून सेलचं बसवू. भाऊ म्हणतो, गोंदाने चिकटव. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, मशीन काढू देऊ नका आणि गोंद तर अजिबात लावू नका. तुटली आहे ती फक्त चावीची दांडी, म्हणजे स्टेम. बाकीचं घड्याळ बहुधा शाबूत आहे.

ही दांडी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. बाहेरच्या टोकाला आटे असतात, त्यावर बटण बसतं. आत गेल्यावर एक खाच असते, तिच्यात एक छोटा खटका अडकून दांडी धरून ठेवतो. त्यापुढे चौकोनी भाग आणि शेवटी बारीक नाक. खाचेपाशी दांडी सगळ्यात बारीक असते, म्हणून तिथेच तुटते. तुमच्या तुकड्याचं तुटलेलं टोक भिंगातून पाहा. स्वच्छ राखाडी दिसलं तर जोर पडून तुटली. तांबूस-काळं असेल तर गंज आधीपासून आत खात होता. चिपळूणचा पाऊस पाहता मला गंजाचीच शंका आहे. बटणातलं रबर कडक झालं की ओल याच वाटेने शिरते. तसं असेल तर नुसती दांडी बदलून भागणार नाही, मशीन पूर्ण उघडून साफ करून घ्या.

गोंदाचं सांगतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ असंच चिकटवलेलं घड्याळ घेऊन आले. गोंद दांडीवरून ओघळून चौकोनावर सरकणाऱ्या दातेरी चाकात गेला होता. ते चाक सोडवायला मला दोन दिवस लागले. डाग देऊनही उपयोग नाही, उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं.

भाग मिळतात. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळं सुरू केली आणि २०१६ मध्ये सरकारने हा कारभार बंद केला, पण मधल्या काळात इतकी घड्याळं विकली गेली की पुण्या-मुंबईच्या सुट्या भागांच्या बाजारात जुन्या मशीनच्या दांड्या अजून सापडतात. मशीनवर कोरलेला नंबर पाहून मागायची. मी उघडलेल्या बहुतेक जनतांवर ०२३१ असतो.

कारागिराकडे गेलात की दोन गोष्टी विचारा. खटक्याचा स्क्रू तो किती सोडतो? एक-दोन फेरे पुरेत. पूर्ण काढला तर खटका तबकडीखाली गळून पडतो आणि मग काटे, तबकडी सगळं उतरवावं लागतं. दुसरं, नवी दांडी लांब येते. ती बसवून, बटण आणि घड्याळाची केस (बाहेरचं कवच) यांत किती फट राहते ते मोजून, थोडी थोडी कापत आणायची असते. एकदम कापणाऱ्याकडून घड्याळ परत घ्या.

बटण मात्र वडिलांचंच ठेवा, त्यांच्या बोटांनी झिजलेलं आहे ते. तुकडा बाहेर डोकावत असेल तर बारीक पकडीने उलटा फिरवून निघतो. आतच मोडला असेल तर रबर काढून बटण तुरटीच्या गरम, दाट पाण्यात ठेवायचं. तुरटी पोलाद हळूहळू खाते, पितळेला काही करत नाही. बटण पितळेचं असल्याची खात्री कारागिराकडून करून घ्या, आणि त्या पाण्यात दुसरा कुठलाही पोलादी भाग जाऊ देऊ नका.

घड्याळ परत आलं की मनगटावरून काढून चावी द्या. हातात असताना दिली की बटण तिरकं ओढलं जातं. पंचवीस-तीस फेऱ्यांत जड लागेल, तिथे थांबा. वेळ पहाटेचीच ठेवा. आठवडाभर रोज किती मिनिटं पुढे-मागे जातं ते लिहून मला कळवा, साफसफाई नीट झाली की नाही ते त्यावरून सांगेन.