कार क्लबबरोबर ड्रॅग स्ट्रिपला जायचंय पण अंदाज पावसाचा आहे, जावं का? आणि बर्नआउटसाठी स्वतःच पाणी ओततात, मग पावसात गाड्या का सोडत नाहीत?

नाही सोडत. ड्रॅग स्ट्रिप म्हणजे दोन गाड्यांनी शेजारी शेजारी सरळ पळायचा पट्टा, थेंब पडले की बंद, पूर्ण वाळला की चालू, मधलं काही नसतं. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा, कारण तुमचा प्रश्न वाचून माझी वर्षभर जुनी जखम उघडी पडलीये आणि पुढे बरंच लांबणार आहे.

आधी ते पाण्याचं सांगून टाकतो, कारण हाच प्रश्न मी चारचौघांत विचारून हसं करून घेतलंय. बर्नआउटचं पाणी स्टार्टच्या रेषेच्या बरंच मागे ओततात. स्लिक म्हणजे बिनखाचांच्या टायरवाला त्यात चाकं ओली करतो म्हणजे ती जागेवर सहज फिरतात, मग थोडं पुढे कोरड्यावर येऊन धूर निघेपर्यंत फिरवतो, पाणी उडून जातं, रबर तापून चिकट होतं. ते पाणी टायर तापवायला आहे, पळायला नाही. आपल्यासारख्या साध्या रोड टायरवाल्यांनी तर त्याला वळसा घालूनच जायचं, नाहीतर टायरच्या खाचांत पाणी भरून तुम्ही ते थेट रेषेवर नेऊन सांडणार आणि मागची अख्खी रांग तुमचा उद्धार करणार.

पुढच्या पट्ट्यावर चिकट रसायन फवारलेलं असतं, त्यावर रबराचा थर चढवलेला असतो. चालत गेलात तर काकवी सांडलेल्या फरशीवरून चालल्यासारखं वाटतं, बूट निघतो की काय असं. कोरडं असताना हीच चीज गाडीला पकडून ठेवते आणि ओली झाली की तीच नदीच्या घाटावरची शेवाळलेली पायरी. त्यात स्लिकला खाचाच नाहीत म्हणजे पाण्याला जायला वाट नाही, दोन्ही बाजूंना भिंती, आणि शेवटी थांबायची जागाही ओलीच. लोक म्हणतात इथे इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर पावसात रेस होते की! होते, पण तिथे पावसाचे वेगळे टायर असतात आणि वळणावर जरा सबुरीने घेता येतं. इथे जागेवरून पूर्ण ताकदीने सुटायचं हाच खेळ आहे, सबुरी ठेवायची तर घरून निघालातच कशाला.

आता माझं. मी कॉव्हेंट्रीत असतो, पुण्याहून गाड्यांच्या कामासाठी इकडे येऊन पडलेल्या गर्दीतला एक. गाडी २०१४ ची फिएस्टा एसटी, १.६ टर्बो, १८२ पीएस ताकद, सेकंडहँड, पण जीव आहे माझा तिच्यावर. क्लब विशीतल्या पोरांपासून रिटायर लोकांपर्यंत सगळ्यांचा, आणि सेक्रेटरी सत्तरीचे गोरे आजोबा, माणूस सोन्यासारखा पण कॉन्व्हॉयचं भयंकर वेड. सगळ्यांनी एका रांगेत, एका वेगात, हेडलाइट लावून जायचं. वरातीसारखं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सांता पॉडच्या ड्रॅग स्ट्रिपला जायचं ठरलं. बेडफर्डशरमधल्या पॉडिंग्टन गावाजवळ आहे ते. दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकन बी-१७ बॉम्बर उडायचे, त्याच धावपट्टीवर १९६६ पासून ड्रॅग चालू आहे. मोठी स्पर्धा नसेल तेव्हा 'रन व्हॉट या ब्रंग' असतं, म्हणजे जी गाडी आणलीस ती पळव, रोज ऑफिसला नेता तीच. लायसन्स, हेल्मेट, फुल बाह्या, फुल पँट असली की झालं. पाव मैल म्हणजे १३२० फूट, आपले ४०२ मीटर, आणि शेवटी हातात तुमच्या वेळेची छापील चिठ्ठी. त्या चिठ्ठीसाठी मी दोन महिने झुरत होतो. पंधराच्या आसपास सेकंद येतील असा हिशोब होता, पुण्यात दादाला तसं सांगूनही ठेवलं होतं, हीच चूक.

आदल्या रात्री अंदाज काय होता तर ११ नंतर पाऊस. नंतर. म्हणजे आधी कोरडं! आमच्या क्लबात एक नाशिककर आहे, त्याने लगेच ग्रुपवर टाकलं, आपण ६ ला निघू. आजोबांचं उत्तर, ठरल्याप्रमाणे ८ ला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटू, सगळे एकत्र गेलो तरच क्लबला अर्थ आहे. नाशिककर म्हणाला बरं मग मी पुढे होतो. त्याला सगळ्यांनी टोमणे मारले, आणि आजोबांच्या मेसेजला अंगठ्याचा लाइक देणाऱ्यांत मी पहिला होतो, हे आत्ताच कबूल करतो म्हणजे नंतर कुणी काढायला नको.

८ ला भेटलो. निघालो ८:२५ ला, कारण एकाला पेट्रोल भरायचं आठवलं. एम४५ वरून एम१ हायवेला लागलो आणि अर्ध्या तासात वॉटफर्ड गॅप या हायवेवरच्या थांब्यावर चहाला थांबलो. तिथे ग्रुप फोटो. मग कुणीतरी म्हणालं गाड्या रंगाप्रमाणे लावू, की सगळ्यांनी परत गाड्या हलवल्या, तोवर दोघं टॉयलेटला गेलेले, ते आले आणि म्हणाले आमच्याशिवाय काढला? की परत फोटो. मी सारखा वर बघतोय. पश्चिमेला रंग उतरलेल्या पितळी पातेल्यासारखं आभाळ, आणि इथे चौदा गाड्यांचं हळदीकुंकू चाललंय. पावणेदहाला निघालो. पुढे राउंडअबाउटवर सिग्नलने रांग तोडली तर आजोबांनी पुढच्यांना रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये थांबवलं, मागचे आल्याशिवाय हलायचं नाही. १०:४० ला पोचलो. सही करायची रांग, हेल्मेट, मनगटावर पट्टी, गाड्यांच्या लेनमध्ये लागलो तेव्हा ११:०५.

११:१२ ला काचेवर पहिला थेंब.

मी वायपर लावला नाही. मला वाटलं वायपर लावला की पाऊस आहे हे आपणच मान्य केल्यासारखं होईल. पुढच्याने लावला, त्याच्या पुढच्याने लावला, आणि मग मार्शलने दोन्ही हातांची फुली करून दाखवली.

तेवढ्यात नाशिककर आला खिडकीशी. त्याची गाडी म्हणजे डिझेल ऑक्टाव्हिया, मागे बेबी सीटच्या खुणा, आणि हातात तीन चिठ्ठ्या. सर्वात चांगली १६.६. डिझेल ऑक्टाव्हिया! सकाळी कोरड्यात रांगही छोटी होती म्हणे, आरामात तीनदा गेलो. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, तुझं किती आलं रे? माहीत असून.

मग चालू झालं ते वाट बघणं. इथला पाऊस म्हणजे आपला पाऊस नाही हो. आपल्याकडे येतो, धुवून काढतो, जातो, तासाभरात ऊन. आणि आपल्याकडे जुलैत धावपट्टीवर ड्रॅग ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही, चार महिने गेले ते गेले हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. इथे मे महिन्यात १२ डिग्री आणि दळलेल्या पिठासारखी भुरभुर, ना धड पडते ना थांबते, आणि ऊन नसल्यामुळे खालचं वाळतही नाही. पाऊस थांबल्यावर झाडणाऱ्या गाड्या, गरम हवा फेकणारी यंत्रं, सगळं फिरवून पट्टा वाळवतात, पण दोन्ही लेन पार शेवटपर्यंत कोरड्या करायच्या म्हणजे वेळ जातोच, आणि मध्येच परत चार थेंब आले की पहिल्यापासून.

आम्ही तंबूत चहा पीत उभे. नाशिककराने तिथे एक पुडी सोडली, ओली हवा जड असते, टर्बोला चांगलीच. झालं, तासभर भांडलो. ओली हवा हलकी असते! पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा, बाकी हवेची सरासरी २९, वाफ घुसली की जड रेणूंची जागा हलके घेतात, बारावीचं केमिस्ट्री आहे. जड असते ती गार हवा. तो म्हणाला, आज गार आहे ना, मग झालं तर. यावर मी काय बोलणार, त्या दिवसापुरतं त्याचं बरोबरच होतं, दमटपणाने जेवढं जातं त्यापेक्षा गारव्याने मिळतं जास्त. पण कारण चुकीचं होतं आणि मला चुकीच्या कारणाने बरोबर असलेली माणसं अजिबात सहन होत नाहीत.

तीनच्या सुमाराला घोषणा झाली, पट्टा वाळतोय, गाड्या लेनमध्ये घ्या. धावलो. डिकी रिकामी, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, हेल्मेट डोक्यात, पुढे पाच जोड्या. पहिली जोडी गेली. दुसरी गेली, त्यातली एक गाडी सुटताना जरा तिरकी झाली आणि सगळ्यांनी श्वास धरला. तिसरी गेली. मी इंजिन चालू केलं. स्टार्टच्या खांबावरची, ज्याला ट्री म्हणतात, ती दिव्यांची माळ मला दिसत होती, वरचे छोटे दिवे, खाली तीन पिवळे, मग हिरवा, मी मनात मोजून बघत होतो. आणि परत काचेवर टप. या वेळी मार्शलने फुली केली नाही, नुसता मान हलवून निघून गेला. चार वाजता दिवस संपल्याचं जाहीर झालं.

रात्री ग्रुपवर आजोबांचा मेसेज, हवामानापुढे कुणाचं काय चालतं, तरी फोटो सुंदर आलेत. खाली बत्तीस हार्ट.

हवामान नाही हो! हवामानाने आदल्या रात्रीच सांगितलं होतं ११ ला येतो म्हणून, आणि १२ मिनिटं उशिराच आलं. माझी रन पावसाने नाही घालवली, रंगाप्रमाणे लावलेल्या गाड्यांनी घालवली. हे मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतोय, आणि आजोबांना मराठी येत नाही हे किती बरं आहे.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, क्लबबरोबर जाऊ नका. म्हणजे जा, पण क्लबच्या आधी जा. गेट उघडायच्या आधी गेटवर असा, पहिल्या तासात दोन रन घ्या, मग कॉन्व्हॉय आला की त्यांच्याबरोबर हसतमुखाने फोटोत उभे राहा. टक्केवारी बघून काही कळत नाही, ६० टक्के पाऊस म्हणजे दिवसभर थोडा थोडा की दुपारी एकदाच, ते तासावारी अंदाजात आणि सकाळी रेडारवर बघा. सकाळपासूनच असेल तर खुशाल घरी झोपा, दुपारनंतर असेल तर अंधारात निघा. तिकिटाचे पैसे परत मिळतात का, तारीख बदलून मिळते का हे मात्र बुक करतानाच नीट वाचा, दर ठिकाणी नियम वेगळे असतात.

आणि पहिल्या रनला दिव्यांचं टेन्शन घेऊ नका. हिरवा लागल्यावर तुम्ही पेपर वाचत बसलात तरी तुमची वेळ वाढत नाही, पुढचं चाक स्टार्टच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटतं तेव्हा घड्याळ चालू होतं. शेजारच्याशी हराल, पण चिठ्ठीवरचा आकडा तोच. नाशिककराच्या त्या १६.६ च्या चिठ्ठीवर रिअॅक्शनच्या रकान्यात सव्वा सेकंद आहे. सव्वा! झोपला होता माणूस. मी हे दर वेळी सगळ्यांना दाखवतो आणि तो दर वेळी शांतपणे म्हणतो, ते धरत नाहीत. आणि खरंच धरत नाहीत. ती चिठ्ठी त्याच्या फ्रिजवर आहे, मंडळाच्या गणपतीत त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा पाण्याची बाटली काढायला फ्रिज मलाच उघडायला लावला.

आता एक गोष्ट राहिली, ती नाही सांगितली तर आमच्या क्लबातला कुणी मराठी माणूस हे वाचून खाली कमेंटमध्ये सांगेलच. वॉटफर्ड गॅपला आम्ही थांबलो ती पन्नास मिनिटं सगळी फोटोची नव्हती. मी घरून वडे नेले होते. चाळीस बटाटेवडे, लसणाची चटणी, पाव. बायकोने पहाटे उठून केलेले, म्हणाली होती तिकडे पोचल्यावर काढ. मला वाटलं गरम आहेत तोवर खाल्लेले बरे, म्हणून डबा मीच उघडला, आणि चटणी खाऊन आजोबांना ठसका लागला, त्यांना पाणी देऊन बसवलं, त्यात पंधरा मिनिटं तरी गेली असतील. वीस धरा. पण वीसच, बाकीची तीस रंगांचीच होती यावर मी ठाम आहे.

या वर्षीची तारीख आलीये. कॉन्व्हॉय ८ लाच. मी ग्रुपवर लिहिलंय की मी साडेपाचला निघतोय, कुणाला यायचं असेल तर या. अजून कुणी अंगठा दिला नाहीये, फक्त आजोबांनी खाली विचारलंय, मग वडे कुणाच्या गाडीत असणार?