आबांची एमजी विकताना

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. आमच्या धंतोलीच्या घराच्या पोर्चमध्ये 1952 ची एमजी टीडी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्‌स कार, उभी आहे. आबांनी, म्हणजे आजोबांनी, ती 1954 मध्ये घेतली. पुढे बाबांनी जपली. बाबा मागच्या दिवाळीत गेले. गाडी आठ वर्षं सुरू झालेली नाही. भाऊ पुण्याला असतो आणि घरही आता विकायचं ठरलंय. एक दलाल पाहून गेला. म्हणाला, लाल रंग मारून घ्या, सीटा नव्या करा, भाव दुप्पट येईल. कागद म्हणाल तर आबांच्या नावाचं जुनं आरसी बुक तेवढं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आधी त्या दलालाला नाही म्हणून कळवा. गाडीला रंगाचा हात लावू देऊ नका. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा, आबांच्या वेळचा रंग तिथे अजून असेल. जाणकार घेणारा पहिल्यांदा तिथेच वाकतो. वरून लाल आणि आतून दुसराच रंग दिसला की तो पुढचं प्रत्येक वाक्य संशयाने ऐकतो.

हे मी पोळून सांगतोय. वीस वर्षांपूर्वी नागपुरातल्याच सदर भागातल्या एका घरची एमजी टीसी, म्हणजे टीडीच्या आधीचं मॉडेल, मी विश्वासाने एका गॅरेजला रंगायला दिली. पोरांनी घासताना इंजिनावरची पितळी पाटी काढून ठेवली आणि ती हरवली. अष्टकोनी, बिस्किटाएवढी पाटी, तिच्यावर इंजिन नंबर. मुंबईहून आलेला घेणारा चासी नंबर वाचून खूश झाला, इंजिनाकडे वळला आणि तिथे रिव्हेटची नुसती भोकं दिसल्यावर गप्पच झाला. मालकांना गाडी निम्म्या भावात सोडावी लागली. त्या काकूंचा चेहरा मी विसरलेलो नाही.

म्हणून आज संध्याकाळीच बॉनेट उघडून दोन्ही नंबरांचे फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून बघा. बुकावर मध्य प्रदेशचा शिक्का असेल तर गोंधळू नका. नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. तो शिक्का गाडी तेव्हापासून इथलीच असल्याला दुजोरा देतो. आबांच्या कपाटातली पेट्रोलची, टायरची बिलं, लग्नाच्या अल्बममधले गाडीचे फोटो, सगळं एका फाइलीत लावा. टीडी फार दुर्मिळ नाही. 1949 ते 1953 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंगडनच्या कारखान्यात 29,664 निघाल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. सत्तर वर्षं एकाच घरात राहिलेली, तीही नागपुरात, ही मात्र दुर्मिळ गोष्ट. तुमच्याकडे विकायला तेच आहे.

आता नावाचं. बुक आबांच्या नावावर आहे, म्हणजे गाडी फक्त तुमची आणि भावाची नाही. आबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आत्या, काका किंवा त्यांची मुलं यांचाही हक्क येतो. सगळ्यांची लेखी संमती भाव ठरण्याआधी घ्या. आकडा कळल्यावर त्याच सह्या अवघड होतात, सख्ख्या नात्यांतही. मग वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म 31, त्यानंतर विक्रीचे 29 आणि 30. इतकं जुनं बुक संगणकात नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, घ्यावी लागेल. एजंटाच्या हाती मूळ बुक देऊ नका, स्वतः सोबत जा.

2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण चासी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. हे घेणाऱ्याला आधीच सांगा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, कायद्याने मनाई आहे. घरच्या वापराची गाडी म्हणून नफ्यावर कर लागणार नाही असं कोणी सांगितलं तरी सीएला विचारा. 1931 च्या एका फोर्डच्या विक्रीत वैयक्तिक वापर सिद्ध झाला नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये करमाफी नाकारली. ती पेट्रोलची बिलं इथेही कामाला येतील.

गाडी चालू करून विकावी, असं माझं ठाम मत आहे. पण शेजारच्या मुलाला बॅटरी लावून स्टार्टर मारू देऊ नका. टीडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या उलट. आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि दोन दिवस थांबायचं. मग इंजिन हाताने फिरवायचं हँडल पुढून घालून हळूच फिरवायचं. हँडल अडलं तर तिथेच थांबायचं, जोर करायचा नाही. टाकीतलं पेट्रोल काढून टाकायचं. ब्रेकची सगळी रबरं बदलल्याशिवाय गाडी पोर्चमधून हलवायची नाही. आणि नेहमीचे पाने वापरू नका. त्या इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाची, आपला पाना घसरतो आणि डोकं गोल करून बसतो.

एक गोष्ट मात्र तुमची तुम्हीच बघा. पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा आहे, ॲश नावाच्या झाडाचा. आपल्याकडचा मे आणि मग जुलैची ओल, यात तो सांध्यांत सैल होतो. दार अर्धं उघडा आणि टोकाला धरून हलकेच वर उचला. नुसतं दार हललं तर बिजागरीचं काम आहे. दारासोबत मागचा खांबही हलला तर लाकूड गेलंय. ते न लपवता घेणाऱ्याला दाखवा आणि भाव तसा ठरवा.

हँडल फिरवायच्या दिवशी भावाला पुण्याहून बोलावून घ्या. व्हिटवर्थ पान्यांचा संच माझ्याकडे आहे. मासिकाच्या पत्त्यावर निरोप ठेवा, एखाद्या रविवारी सकाळी मी येतो, पण ऊन तापायच्या आत.