वागळी गरवायचीय? आधी रॉड नको, आमिष बघा

प्रश्न : किनाऱ्यावरून पाकट (वागळी) धरायला १४ फुटी रॉड घेऊ का? लांब फेक जाईल म्हणून विचारतोय.

नको हो दादा. वागळी तळाला चरते, तोंड पोटाखाली असतं तिचं, आणि भरतीला कधी कधी गुडघाभर पाण्यात येऊन कुर्ल्या शोधते, मग तिच्या डोक्यावरून पलीकडे फेकून करणार काय? १०-१२ फुटी, १०० ते १५० ग्रॅम शिसं झेपेल असा रॉड बास झाला. पैसे रीळ आणि दोरीत घाला. ६००० ते ८००० साईजचं रीळ, ड्रॅग (मासा ओढायला लागला की दोरी अडवत सोडणारा ब्रेक) चांगला हवा, त्यावर ४० पाउंड ताण झेपणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढं दीडेक मीटर ८० पाउंडाचा जाड तंगूस (नायलॉनची दोरी). मोठी वागळी लागली की पळते आणि मग वाळूला जी चिकटून बसते, वाटतं दगडाला अडकलं. तेव्हा हिसके मारायचे नाहीत, दोरी ताठ ठेवून थांबायचं, जरा हलली की रीळचे दोन वळसे घ्यायचे, परत थांबायचं. घाई केली की तंगूस गेला समजा.

प्रश्न : वायर लीडर (गरीच्या आधीचा तारेचा तुकडा) लागेल का? आणि गरी कुठली?

वायर मुशीसाठी, म्हणजे शार्कसाठी. वागळीचे दात कापणारे नसतात, कवच चिरडणारे असतात. सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) ६/० किंवा ८/० नंबरची, शिसं दोरीवर सरकतं ठेवा म्हणजे आमिष उचलताना तिला वजन लागत नाही. सर्कलला झटका द्यायचा नाही हां, नुसतं गुंडाळत जा.

प्रश्न : फ्रोझन कोळंबी लावतो, नुसते शिंगाळेच (मिशावाले समुद्री मासे) लागतात!

लागणारच. मऊ कोळंबी शिंगाळा आणि खेकडे मिनिटात साफ करतात. ताज्या बांगड्याची तुकडी, पेडवे (छोटे तारली जातीचे मासे) किंवा माकूल (स्क्विड) घ्या, माकूल चिवट म्हणून माझं आवडतं, नाहीतर छोटी कुर्ली अर्धी कापून. बारीक इलॅस्टिक दोऱ्यानं गुंडाळा आणि वीसेक मिनिटांनी बदला, कारण वागळी वासावर येते आणि धुतलेल्या आमिषाला वास कसला राहणार. घरच्या फ्रीजमधला चार दिवसांचा बांगडा आणू नका, शिव्या पण बसतात आणि मासा पण नाही.

प्रश्न : काटा लागला तर?

वागळीचा काटा शेपटीवर असतो, करवतीसारखा आणि विषारी. पाण्यात पाय उचलून चालू नका, वाळूत घासत चाला, ती आपणहून सरकते. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठाच. छातीत, पोटात, मानेत घुसला असेल तर उपटू नका, तसंच हॉस्पिटलला.

आणि हो, वागळी पिल्लंच घालते, अंडी नाही, तीही मोजकीच, गाभण मादी ओढताना पिल्लं टाकते. पोट फुगलेली दिसली तर पक्कडीनं गरी काढून पाण्यातच सोडा, फोटो राहू दे.