मॅनेजर गप्प बसला, तर निरीक्षकाने काय करायचं?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे, कामगार निरीक्षक व्हायचं म्हणते. मी कुंडईला एका कारखान्यात सुपरवायझर होतो. तपासणीला आलेल्या साहेबांना आमच्या मॅनेजरने तोंडावर सांगितलं, "याचं उत्तर मी देणार नाही, तुम्ही सक्ती करू शकत नाही." साहेब पुढे काही बोललेच नाहीत. अशा दुबळ्या नोकरीत मुलीला का घालू?

नमस्कार. मॅनेजरचं म्हणणं बरोबर होतं. संविधानाचं कलम 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावू देत नाही. 1948 च्या कारखाना कायद्याने तर कलम 9 मध्ये ही मुभा आरोपी नसलेल्यालाही दिली : स्वतः गुन्ह्यात अडकेल अशा प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती कोणावरच नाही.

पण त्याच कलमाने निरीक्षकाला कारखान्यात शिरायचा, यंत्रं तपासायचा, नोंदवह्या मागायचा अधिकारही दिला. कायद्याने ठेवायला लावलेली वही मागूनही दाखवली नाही, तर कलम 95 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. खरं काम तिथे असतं. हजेरीपटात महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एका बैठकीत केल्यासारख्या दिसतात. सुटण्याची वेळ रोज साडेपाच. आणि गेटवरच्या सिक्युरिटीच्या वहीत तोच कामगार रात्री साडेदहाला बाहेर पडलेला! आता मॅनेजर बोलला काय, न बोलला काय. म्हणून ते साहेब गप्प राहिले याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. दमदाटी करून काढलेला जबाब कोर्टात टिकत नाही, वही टिकते.

एक गोष्ट मुलीला आत्ताच सांगा. यंत्रं आणि सुरक्षितता पाहणारे कारखाने निरीक्षक मुख्यतः इंजिनिअर असतात. तिने कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाहावं. तिथे पगार, कंत्राटी कामगार असे विषय येतात. नेमकी पात्रता जाहिरातीतूनच वाचावी. गोव्यात सरकारी पदाला कोकणी लागतेच, आणि कारखान्यातल्या परप्रांतीय कामगाराशी बोलायला हिंदी. नव्या श्रमसंहितांनी, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या कायद्यांनी, मालकाला सल्ला देण्याचं कामही या पदाला जोडलंय, तेव्हा जुना कायदा आणि संहिता शेजारी ठेवून वाचायची सवय तिने लावून घ्यावी.

काठी कालू ओघड खटल्याचा 1961 चा निकालही वाचू दे. बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी त्यात ठरवलं. वाचून झाल्यावर तुम्ही दोघं त्या दिवसाबद्दल बोला. साहेबांनी कोणती वही मागायला हवी होती, हे तुमच्याइतकं तिला कोण सांगणार?