पिंगळा की रानपिंगळा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेच्या चिंचेवर रोज तिन्हीसांजेला पिंगळ्यांची जोडी किचकिचाट करते. हाच तो दुर्मीळ रानपिंगळा का?

नाही. चिंचेच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत राहतो तो आपला नेहमीचा पिंगळा, म्हणजे छोटे घुबड. त्याचा माथा पाहा, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला असतो. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा तपकिरी, छाती गडद, पोट पांढरे आणि चोच-पंजे अंगाच्या मानाने दणकट. तो सागाच्या जंगलात भर दिवसा उघड्या फांदीवर बसून सरडे धरतो.

प्रश्न : दोघे एकाच कुळातले ना?

कूळ एकच, आणि आता प्रजातीही (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) एकच मानतात : अथेनी. पिंगळा म्हणजे अथेनी ब्रामा, रानपिंगळा अथेनी ब्लेविटी. ब्लेविट या अधिकाऱ्याला १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या भागात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याचे वेगळेपण पाहून त्याला हेटेरोग्लॉक्स या स्वतंत्र प्रजातीत ठेवले. जनुकीय अभ्यासांनी ते वेगळेपण मोडीत काढले. जाती म्हणून मात्र दोघे स्पष्ट वेगळे आहेत.

प्रश्न : धोक्यातल्या जातींच्या जागतिक (आययूसीएन) यादीत रानपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला, म्हणजे संख्या वाढली?

असे समजू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुनाच (संग्रहालयात जतन केलेला मृत पक्षी) नव्हता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक माइनर्त्झहागेन यांनी १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या चिठ्ठीवरच्या ठिकाणी शोधणाऱ्यांची वर्षे वाया गेली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! मग मेळघाट, यावल, खंडवा, डांग, तानसा अशी ठिकाणे कळत गेली, म्हणून २०१८ मध्ये दर्जा बदलला. आपले ज्ञान वाढले, पक्षी नव्हे. प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. जुनी ढोलीची झाडे तुटली आणि शेतीसाठी जंगल फुटले की त्याला दुसरीकडे थारा नाही. पिंगळ्याला मात्र शेत, गाव, शहर सगळे चालते, त्यामुळे त्याच्याबद्दल सध्या चिंता नाही.

प्रश्न : फोटोसाठी मोबाइलवर रानपिंगळ्याची हाक वाजवली तर चालेल?

नको. विणीच्या काळात तर मुळीच नको. नराला वाटते दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला, आणि तो ढोली सोडून झुंजायला येतो.