वाचकांचे प्रश्न : पेशींना थांबायचे कसे कळते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : विळीवर भाजी चिरताना माझे बोट खोलवर कापले. दहा-बारा दिवसांत जखम भरून आली आणि भरल्यावर कातडीची वाढ तिथेच थांबली. दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने विचारले, की जखम भरली हे पेशींना कोण सांगते? पुस्तकात विभाजनाच्या अवस्था आहेत, पण याचे उत्तर मिळाले नाही.
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : आपल्या मुलीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था ही नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु विभाजनाला मुळात सुरुवात करायची की नाही, हा पेशीचा त्याआधीचा निर्णय शिकवायचा राहून जातो, आणि सगळे नियंत्रण तर त्या निर्णयातच आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशी कोणत्याही क्षणी विभाजन करीत नसतात. त्या आपापले काम करीत राहतात आणि विभाजनासाठी त्यांना बाहेरून सांगावा यावा लागतो. बोट कापल्यावर तेथे जमणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, रक्ताची गुठळी तर करतातच, शिवाय वृद्धिघटक नावाची प्रथिनेही आसपास सोडतात. ही प्रथिने शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि तेथून एकामागून एक प्रथिन कार्यरत होत तो निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. अशा वृद्धिघटकांच्या शोधासाठी रीता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

केंद्रकात या निरोपाची गाठ एका कुलपाशी पडते. त्या प्रथिनाला आरबी म्हणतात, कारण रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या कर्करोगाच्या अभ्यासातून ते सापडले. डीएनएची नक्कल सुरू करणारी जनुके ज्या प्रथिनामुळे जागी होतात, त्यालाच आरबी धरून ठेवते. वृद्धिघटकांचा निरोप पुरेसा वेळ येत राहिला, तर पेशीत सायक्लिन नावाचे प्रथिन साठते, ते आपल्या जोडीदार विकराला कामाला लावते आणि तो विकर आरबीवर फॉस्फेटचे गट चिकटवून त्याची पकड सोडवतो. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवले, की या वाटेवर एक ठरावीक टप्पा असतो. त्याआधी वृद्धिघटक काढून घेतले, तर पेशी माघार घेते. तो ओलांडल्यानंतर काढून घेतले, तरी ती सुरू केलेले विभाजन पूर्ण करूनच थांबते.

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. जखम भरत आली, की गुठळी विरते आणि वृद्धिघटकांचा पुरवठा आटत जातो. दोन्ही कडांकडून पुढे सरकणाऱ्या त्वचेच्या पेशी मध्यभागी एकमेकींना भिडतात, आणि चहूबाजूंनी शेजारणी चिकटल्या, की पेशीच्या आत विभाजन रोखणारे निरोप सुरू होतात. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीतही हे दिसते : निरोगी पेशी बशीचा तळ एका थराने झाकतात आणि थांबतात, त्या थरावर सुरीने चर पाडला, तर त्याच्या काठच्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि चर भरला, की पुन्हा स्वस्थ होतात. म्हणजे जखम भरल्याची बातमी देणारा कोणी वेगळा दूत नाही. सांगावा येणे बंद झाले आणि शेजार पूर्ववत झाला, एवढ्यावरून प्रत्येक पेशी स्वतःपुरते ओळखते. मुलीला हे सांगताना एवढे अवश्य सांगावे, की आपल्या त्वचेखालच्या पेशींना विभाजनासाठी सतत परवानगी लागते. ती मिळत नाही तोवर थांबून राहणे हीच त्यांची नेहमीची स्थिती आहे.

एकदा फेरी सुरू झाल्यावर पुढची पावले क्रमानेच कशी पडतात, हे ज्या प्रयोगातून उघड झाले, तो शालेय पुस्तकात असायला हवा असे मला मनापासून वाटते. मूळचे भारतीय असलेले पोटू नरसिंह राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या टप्प्यांवरील दोन-दोन मानवी पेशी एकत्र जोडून एका पेशीत दोन केंद्रके आणली. डीएनएची नक्कल करीत असलेल्या पेशीला नक्कल सुरू न केलेली पेशी जोडली, तेव्हा दुसरीच्या केंद्रकानेही लवकर नक्कल सुरू केली. परंतु नक्कल आधीच पूर्ण केलेली पेशी जोडली, तर तिच्या केंद्रकाने दुसऱ्यांदा नक्कल केली नाही. ते शेजारच्या केंद्रकाचे काम संपेपर्यंत वाट पाहत राहिले. विभाजनाच्या ऐन मध्यात असलेली पेशी जोडली, तर दुसऱ्या केंद्रकातील गुणसूत्रे तयारी नसतानाही आखडून घट्ट झाली. पेशीद्रवात काहीतरी आहे आणि ते टप्प्यानुसार बदलते, हे यावरून स्पष्ट झाले.

ते ‘काहीतरी’ काय, हे पुढील काही वर्षांत तिघांच्या कामातून कळले. ली हार्टवेल यांनी यीस्टमध्ये विभाजन अडवणारी जनुके शोधली आणि डीएनएला इजा झालेली पेशी दुरुस्ती होईपर्यंत स्वतःला थांबवते, हे पुढे दाखवले. पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका यीस्टमध्ये मुख्य विकराचे जनुक शोधले, आणि १९८७ मध्ये त्याच जागी माणसाचे जनुक घातल्यावरही ते यीस्ट विभागत राहिले. टिम हंट यांना १९८२ च्या उन्हाळ्यात सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत असे एक प्रथिन दिसले, की जे साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसे होई. तेच सायक्लिन. विकर पेशीत सतत हजर असतो, परंतु सायक्लिन असेल तरच चालतो, आणि काम झाल्यावर पेशी सायक्लिन मोडून टाकते. त्यामुळे फेरी उलट दिशेने फिरत नाही. या तिघांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराचे फळ उन्हाळ्यात बोराएवढे, लिंबाएवढे असते आणि पावसाळ्यात झपाट्याने फुगते. या फुगण्याच्या काळात पेशी किती वेळा विभागत असतील?
— एक बागायतदार, काटोल तालुका, जि. नागपूर

उत्तर : फारच कमी. फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशींची संख्या वाढते आणि त्या काळात फळ विशेष मोठे झालेले दिसत नाही. पावसाळ्यात दिसते ती मुख्यतः पेशींच्या आकाराची वाढ : फोडींतील रसाच्या पिशव्यांमधील पेशी पाणी, साखर आणि आम्ल साठवत फुगत जातात. म्हणूनच कोवळ्या फळाला उन्हाळ्यात पाणी कमी पडले, तर पुढे कितीही पाणी दिले तरी ती उणीव पूर्ण भरून निघत नाही, कारण फुगण्यासाठी पेशीच कमी असतात.

आपल्या प्रश्नातून एक गोष्ट चांगली पुढे आली. वाढणे आणि विभागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि पेशी त्यांची सांगड मुद्दाम घालत असते. ती नसती, तर प्रत्येक फेरीत पेशी निम्म्या निम्म्या होत गेल्या असत्या. बेडकाच्या फलित अंड्यात सुरुवातीला खरोखरच तसे होते. अंडे मोठे असल्याने ते परवडते. इतरत्र पेशी पुरेशी मोठी होईपर्यंत विभाजन अडवून धरते. पॉल नर्स यांना एडिंबरा येथे नेहमीपेक्षा लहान असतानाच विभागणारे यीस्ट सापडले. त्यात हाच अडसर सैल झाला होता, आणि त्या जनुकाला त्यांनी स्कॉटिश बोलीतील ‘लहान’ या अर्थाच्या शब्दावरून ‘वी’ असे नाव दिले.

वाढीची बाजू टॉर नावाचे प्रथिन सांभाळते. अन्न आणि ऊर्जा पुरेशी आहे का, याचा अंदाज घेऊन ते प्रथिननिर्मितीचा वेग ठरवते. त्याचा शोध लागला तो त्याला रोखणाऱ्या रॅपामायसिन या औषधामुळे, आणि ते औषध ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूंपासून मिळाले.

प्रश्न : माझ्या बाबांनी अनेक वर्षे खर्रा खाल्ला. आता गालाच्या आत कर्करोग निघाला आहे. ‘पेशींवरचे नियंत्रण सुटले’ असे डॉक्टर म्हणाले. किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन सुरू आहे. तोंड आले आहे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत. सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध बनते, म्हणून तिच्या पानांचा रस द्या, असे शेजारी सांगतात. द्यावा का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : रस देऊ नये. कारण पुढे येईलच, पण हे आधी सांगणे आवश्यक आहे.

खऱ्र्यातील तंबाखू आणि सुपारी या दोन्हींमुळे तोंडाचा कर्करोग होतो. तंबाखू नसलेली सुपारीही निर्धोक नाही. तोंडातील अस्तराच्या पेशी मुळातच वरचेवर नव्या होतात. त्यांच्या डीएनएला तंबाखूतील घटक इजा करतात, आणि एरवी अशा वेळी पी-५३ हे प्रथिन पेशीला थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, किंवा दुरुस्ती अशक्य असेल तर तिला मरण पत्करायला लावते. १९७९ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाचे जनुक सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत बिघडलेले आढळते. पहारेकरीच गेल्यावर पुढच्या चुका साचत जातात : कुठे सांगाव्याविना निरोप सुरू होतो, कुठे आरबीचे कुलूप निकामी होते. हे एका दिवसात होत नाही, त्याला वर्षे लागतात. त्यामुळे घरात आणखी कोणी खर्रा खात असेल, तर आज सोडल्यानेही त्याचा धोका पुढील वर्षांत कमी होत जातो.

बाबांना दिले जाणारे सिस्प्लॅटिन याच विषयातून जन्मले आहे. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. त्यांना दिसले, की जिवाणू लांबच लांब वाढत आहेत, काही तर नेहमीच्या तीनशे पट, परंतु विभागत नाहीत. कारण वीज नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून द्रावणात उतरलेली संयुगे होती. सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटून त्याची नक्कल अडवते. तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जा या सतत विभागणाऱ्या पेशींनाही उपचारांची झळ बसते; तोंड येणे आणि पांढऱ्या पेशी घटणे हे त्यामुळेच. मूळपेशी शिल्लक असल्याने हे त्रास उपचारांनंतर बहुतांशी भरून येतात.

सदाफुलीबद्दल शेजाऱ्यांनी सांगितले ते अर्धे खरे आहे. तिच्यापासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधे मिळतात. गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडे ओढणारे तंतू ती जुळू देत नाहीत; एकही गुणसूत्र तंतूला जोडायचे राहिले, तर पेशी विभाजन पुढे नेत नाही आणि फार काळ अडकून पडल्यास बहुधा मरते. परंतु पानांत ही द्रव्ये अत्यल्प असतात आणि त्यांच्यासोबत इतर विषारी द्रव्येही असतात. औषध म्हणून ती शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच दिली जातात. रसातून किती मात्रा गेली हे कोणालाच कळणार नाही, आणि व्हिनब्लास्टिनसारखी द्रव्ये बाबांच्या आधीच घटलेल्या पांढऱ्या पेशी आणखी घटवू शकतात. त्यांना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.