बांधकाम ठेकेदाराशी करार करताना उशिराचा दंड लिहिला तर काम वेळेत होतं का?

जुळे सोलापुरात ठेकेदाराला मालासकट चौरस फुटाच्या दरानं घर बांधायला देताय आणि उशिरासाठी दिवसाला ५,००० रुपये दंड लिहावा का, असं विचारलंय. नुसत्या दंडावर विसंबू नका. काम टाळून ठेकेदाराचे जिथे पैसे वाचतात, ती गोष्ट त्याच्या दरातून बाहेर काढा.

आमच्या घराच्या वेळी पाणी ठेकेदाराच्या दरात धरलं होतं. स्लॅब पडला एप्रिलमध्ये. अंग भाजणारं ऊन, नळाला चार दिवसांनी पाणी आणि टँकर त्याच्या खिशातून! स्लॅबवर पाणी साठवायला वाफे बांधले, पण दुपारी बघावं तर कोरडे. पहिल्याच पावसाळ्यात छताला ओल आली. तो माणूस लबाड नव्हता. पाणी कमी मारलं की त्याचा फायदा, असा करार आम्हीच केला होता. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं, हवं. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. म्हणून पाणी तुम्ही पुरवा, मारायला माणूस त्याचा, आणि स्लॅबच्या हप्त्यातला काही भाग १४ दिवस भरल्यावरच द्या.

पायाचंही तेच. आपल्याकडच्या काळ्या मातीत मुरूम किती फुटांवर लागेल हे खोदल्याशिवाय कळत नाही. ठरलेल्या खोलीच्या पुढच्या खोदाईचा आणि भरावाचा दर आधीच वेगळा लिहा, म्हणजे तो मुरूम लागायच्या आधीच थांबणार नाही.

मोठी उचल देऊ नका. झालेलं काम दिलेल्या पैशाच्या नेहमी थोडं पुढे राहील असे हप्ते पाडा आणि शेवटचे ५ टक्के एक पावसाळा काढल्यावर द्या. तुमच्या बाजूनंही लिहून द्या: फरशी, खिडक्या कोणत्या तारखेपर्यंत निवडणार, बिल किती दिवसांत देणार. तुमच्यामुळे खोळंबलेले दिवस मुदतीत वाढवून द्यायचे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची सुट्टीही आधीच धरा.

दंड ठेवायचाच तर खऱ्या नुकसानीएवढा ठेवा. महिन्याला १२,००० घरभाडं भरत असाल तर दिवसाला ४०० रुपये. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते. कोर्ट वाजवी तेवढंच देतं. आणि मुदत उलटल्यावर घर ताब्यात घेताना भरपाई मागणार असल्याचं त्याच वेळी लेखी कळवा, नाहीतर कलम ५५ खाली तो हक्क जाऊ शकतो.